बार्नबसची कीव आणि मॅगीची बाजू

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरच्या एक ताई आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी रात्रीची जेवणं उरकली की ‘डार्क शॅडोज’ ही जुनी अमेरिकन भुताटकीची मालिका बघतात. त्यातला बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू, मॅगी नावाच्या साध्यासुध्या मुलीला पळवून कोंडून ठेवतो. तरीही ताईंना त्याची कीव येते. मुलगी म्हणते, ‘आई, तुझं काहीतरी चुकतंय.’ यावरून रोज वाद. शिवाय आणखी तीन शंका आहेत. त्याला पकडायला आलेली डॉ. ज्युलिया त्याचीच कशी होऊन बसते? कॉलिन्स घराण्याच्या कर्त्या एलिझाबेथबाई अठरा वर्षं घराबाहेर पडत नाहीत, हे पटायचं कसं? आणि हे सगळं लेखकांनी आधी ठरवलं होतं, की रोज सुचेल तसं रेटत होते?

रोजच्या मालिकांचे पटकथा-संवाद लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता नाशिकला राहून नव्या मुलांना तेच शिकवतो. त्यामुळे उत्तर लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून येईल, ते गोड मानून घ्या. पुढची गोष्ट वाचून ठेवली आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हातचं काही राखत नाही.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं तिच्यातच अडकली आहेत. काहीही ठरलेलं नव्हतं. २७ जून १९६६ ला एबीसी वाहिनीवर दुपारच्या वेळेत ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्यात धड भूतही नव्हतं. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ मुलगी एका लहान मुलाला शिकवायची नोकरी धरून कॉलिन्सपोर्ट या समुद्रकाठच्या गावी येते, टेकडीवरच्या कॉलिनवूड नावाच्या अवाढव्य घरात राहते आणि इथे जो तो काहीतरी दडवतोय हे तिच्या ध्यानात येतं, एवढंच कथानक. प्रेक्षक फारसे मिळेनात. मग हळूहळू भुतं आली. आणि एप्रिल १९६७ मध्ये, दोनशेवर भाग होऊन गेल्यावर, साखळदंडांनी बांधलेल्या शवपेटीतून एक हात बाहेर आला. बार्नबसने काही आठवडे गावाला पिडायचं आणि मग छातीत खुंटी ठोकून त्याचा निकाल लावायचा, असा बेत होता. पण पत्रांचा ढीग पडला, आकडे चढले आणि ज्याला मारायचं होतं त्याच्याच जिवावर मालिका २ एप्रिल १९७१ पर्यंत चालली. एकूण १,२२५ भाग.

आमच्याकडे वेगळं काही होत नाही. चॅनलवरून फोन येतो, ‘तो पोरगा चालतोय, मारू नका.’ ज्याच्या तेराव्याचा सीन लिहून तयार असतो, त्याला उठवून पुन्हा जेवायला बसवावं लागतं. का वाचला, कसा वाचला, ते दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ठरतं.

आता तारखा नीट बघा. तुम्ही लिहिलंय, ‘त्याच्यावर शाप होता, त्याचं प्रेम हिरावलं गेलं होतं, म्हणून मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं.’ पण तो शाप कोणी दिला, का दिला, हे उलगडतं ते १७९५ सालच्या कथेत. आणि ती कथा सुरू होते नोव्हेंबर १९६७ मध्ये, म्हणजे बार्नबस दारात उभा राहिल्यावर सात महिन्यांनी. मधल्या काळात शाळा सुटली की घराकडे धूम ठोकणारी तिकडची पोरं त्याच्यासाठीच टीव्हीसमोर बसत होती. शाप देणाऱ्या अँजेलिकचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे कीव आधी आली, कारण मागून आलं. तुमचंही तसंच झालं असावं. शाप तुम्ही नंतर वाचलात आणि आधीपासून वाटत असलेल्या कीवेला तो आधार म्हणून जोडलात. त्यात गैर काही नाही, लेखकांनीही तेच केलं.

मग कीव आली कुठून? माझं उत्तर एका शब्दात: गुपितातून.

तो पहिल्यांदा कॉलिनवूडमध्ये येतो तो प्रसंग आठवा. संध्याकाळ झालेली, दारात हॅट, हातात चांदीच्या मुठीची काठी, वागण्यात जुनी अदब. ‘मी इंग्लंडहून आलोय, तुमचा दूरचा भाऊबंद.’ दिवाणखान्यात दोनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचं तैलचित्र लटकतंय आणि पाहुणा हुबेहूब त्याच्यासारखा दिसतोय. घरातले खूश, रक्ताची ओळख पटली म्हणून. एलिझाबेथबाई त्याला आवारातलं जुनं पडीक घर राहायला देतात. खरं काय आहे ते त्या क्षणी दोघांनाच ठाऊक असतं: दागिन्यांच्या लोभाने पेटी उघडणाऱ्या विलीला, आणि तुम्हाला.

इथेच तुमची जागा बदलली. तोवर तुम्ही बघणाऱ्या होतात, आता सामील झालात. पुढे रोज काय चालतं? कुणी त्याला दुपारी चहाला बोलावतं आणि त्याला सबब शोधावी लागते. कुणी जुन्या घराच्या तळघराकडे वळतं. कुणाला मॅगीच्या मानेवरच्या खुणा दिसतात. प्रत्येक वेळी तुमच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: आता सापडतो की काय? हा प्रश्न महिनोन् महिने विचारत राहिलं की माणूस नकळत सापडणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. यात रोजच्या मालिकेचा हिशोबही आहे. प्रत्येक भागाला शेवटी हूक लागतो, म्हणजे उद्या परत यायला लावणारी अडकवण. सगळ्यात स्वस्त आणि हमखास हूक म्हणजे उघडं पडण्याची भीती. ज्याच्याकडे लपवायला जास्त, त्याला हूक जास्त. ज्याला हूक जास्त, त्याला क्लोजअप जास्त. असं होत होत खलनायक नायकाच्या जागेवर सरकतो, आणि टेबलाभोवती बसलेल्या कुणीही ते मुद्दाम केलेलं नसतं.

माझी एक मावशी तिळभांडेश्वर गल्लीतल्या जुन्या वाड्यात राहायची. २०१९ ला झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व सुरू झालं, ते तिने एक दिवस चुकवलं नाही. शेवंताचं नाव निघालं की तोंडाचा पट्टा सुरू, ‘मेली सटवी, चांगल्या बाईचा संसार नासवला.’ माईंसाठी तिचा जीव तुटायचा. पण शेवंता आता पकडली जाणार असं वाटलं रे वाटलं, की मावशी पलंगावर अर्धी उठून बसायची आणि टीव्हीला सांगायची, ‘अगं मागल्या दाराने जा, मागल्या!’ दोन मिनिटांनी पुन्हा शिव्या. तिला यात काहीच विसंगत वाटायचं नाही. मला मात्र माझ्या धंद्याचं अर्धं व्याकरण त्या पलंगावर दिसायचं.

वर्गात मी हेच एका प्रयोगाने दाखवतो. दोन मुलांना सीन देतो. मित्राच्या घरी आलेला मुलगा मित्राच्या आईशी गप्पा मारतोय; पोहे येतात, परीक्षेचं विचारणं होतं, साधं सगळं. निम्म्या वर्गाला आधी कानात सांगून ठेवतो, की आईची पाटली त्याच्या खिशात आहे. उरलेल्यांना ते शेवटी, पाटली बाहेर पडते तेव्हा कळतं. सीन चालू असताना पहिला गट बघण्यासारखा असतो. आई कपाटाकडे वळली की यांचे श्वास अडकतात. संपल्यावर दोन्ही गटांना एकच विचारतो, ‘त्याने का घेतली असेल?’ ज्यांना शेवटी कळलं ते सरळ म्हणतात, ‘चोर आहे, दुसरं काय.’ ज्यांना आधी माहीत होतं ते कारणं रचू लागतात. बहिणीची फी असेल. घरी कुणी आजारी असेल. आईनेच कधीतरी अपमान केला असेल. सीनमध्ये यातलं अक्षरही नसतं. कारण शोधायची गरज चोराला नसते, त्याच्याबरोबर बसलेल्याला असते. तुमच्या-माझ्यासारख्या भल्या माणसाला चोराच्या शेजारी बसल्याची लाज वाटते, मग आपण त्याला थोडा बरा करून घेतो.

नटाचा वाटाही सांगायला हवा. जोनाथन फ्रिड हा कॅनडाचा, शेक्सपिअर वगैरे करून आलेला रंगभूमीचा माणूस. मालिका टेपवर घेतली जायची, पण जवळपास थेट प्रक्षेपणासारखी, एका दमात. टेप कापून जोडणं महाग होतं, त्यामुळे चुका तशाच राहायच्या. माइकची सावली भिंतीवर पडलेली, कुणी वाक्य विसरलेलं, दरवाजा अडकलेला, सगळं प्रेक्षकांपर्यंत पोचलं. फ्रिडना पाठांतराचा त्रास होता आणि तो दिसतो. वाक्याच्या मध्येच थांबतात, नजर क्षणभर दुसरीकडे जाते, मग शब्द सापडतो. दुसऱ्या कुठल्या भूमिकेत हे हास्यास्पद झालं असतं. इथे वाटतं, हा माणूस काहीतरी बोलता बोलता गिळतोय. कालिदास कलामंदिरात मी असे नट पाहिले आहेत, ज्यांची विंगेतल्या प्रॉम्पटरकडे गेलेली नजर प्रेक्षकांना चिंतनाची वाटली. लेखकाने ओळीत न घातलेली व्यथा नटाच्या अडखळण्यातून आपोआप आली, आणि पुढे लेखकांनी ती बघूनच लिहायला घेतलं असावं असं माझं मत आहे.

आता तुमच्या मुलीकडे येतो, कारण ती सांगते ते बाजूला सारण्यासारखं नाही. मॅगी हॉटेलात कॉफी देणारी, दारूच्या नादी लागलेल्या चित्रकार बापाला सांभाळणारी मुलगी. बार्नबस तिला जोसेटच्या, म्हणजे त्याच्या गेलेल्या प्रेयसीच्या, खोलीत ठेवतो, जोसेटचा लग्नाचा पोशाख घालायला लावतो, समोर जोसेटची संगीतपेटी उघडून ठेवतो आणि तिने ‘मी जोसेट आहे’ असं म्हणावं म्हणून थांबून राहतो. ती मानत नाही तेव्हा तळघर दाखवतो. याला प्रेम म्हणायला मी तयार नाही. त्याला मॅगी नको आहे आणि बारकाईने पाहिलं तर जोसेटही नको आहे. त्याला त्याचं गेलेलं साल परत हवं आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या माणसाचं नाव पुसायला त्याची हरकत नाही. हेतू म्हणून हा पक्का आहे. आपल्याला समजतो. समजतो म्हणून माफ होत नाही. तुम्ही दोघी एका वाक्यावर भांडता आहात असं तुम्हाला वाटतं, पण तुम्ही ‘त्याला काय होतंय’ याचं उत्तर देता आणि ती ‘त्याने काय केलं’ याचं.

मला मात्र खरा संताप येतो तो पुढे, आणि त्यात राक्षसाचा दोष कमी, लिहिणाऱ्यांचा जास्त. मॅगी निसटते, वेड लागल्यासारखी होते, विंडक्लिफच्या इस्पितळात बरी होत होत परत गावात येते. तिला आठवायला लागतं. ती नाव घेणार, इतक्यात ज्युलिया पदक डोळ्यांसमोर हलवून तिला संमोहित करते आणि सगळी आठवण पुसून टाकते. त्यानंतर मॅगी बार्नबसला सभ्य गृहस्थ समजून त्याच्याशी हसून बोलते. लेखकाची अडचण मला कळते. बार्नबस आता ठेवायचा आहे, मॅगीही लोकांना आवडते, दोघांना एका दिवाणखान्यात बसवायचं आहे. आमच्या मीटिंगमध्ये याला ‘त्याला थोडं पॉझिटिव्ह करा’ म्हणतात. त्याला पॉझिटिव्ह करायचे दोन आडमार्ग आहेत. एकतर जिचं वाईट केलं तिला वाईट ठरवा, नाहीतर तिला बोलताच येणार नाही असं करा. त्यांनी दुसरा निवडला. तक्रारच नाहीशी केली की गुन्हा पातळ होतो. तुमच्या मुलीला जे खुपतंय ते हेच असावं. तिला सांगा, बार्नबसवरचा राग अर्धा ठेव आणि अर्धा स्क्रिप्टच्या टेबलाकडे पाठव.

ज्युलियाचं कारण तुम्हाला पटत नाही, कारण तुम्ही एकच कारण शोधताय. तिची कारणं तीन आहेत आणि ती एकामागून एक येतात. जून १९६७ मध्ये ती येते ती मॅगीची डॉक्टर म्हणून. मग कॉलिन्स घराण्याचा इतिहास लिहिणारी बाई असल्याची बतावणी करून कॉलिनवूडमध्ये मुक्काम ठोकते. पावडरच्या डबीचा छोटा आरसा उघडून ती बार्नबसकडे बघते आणि आरशात कुणीच नसतं, तो सीन पुन्हा लावून तिचा चेहरा बघा. भीती आहे, पण त्याहून मोठं काहीतरी आहे. हा आजार कुठल्याच पुस्तकात नाही आणि तो तिला एकटीला सापडलाय. पहिलं कारण ही महत्त्वाकांक्षा: रक्तपिपासेवर इंजेक्शनं देऊन इलाज करायचा. मग रात्री-अपरात्री एकाच रोग्याजवळ बसून बसून जीव गुंततो, ते दुसरं. तो तिला जीवे मारायची धमकी देतो, वेड लावायचे प्रयत्न करतो, तरी गुंततो. आणि तिसरं कारण डॉ. वुडर्ड. ज्युलियाचा जुना सहकारी, सरळ माणूस, त्याला सगळं कळतं. त्याचा मृत्यू हृदयविकाराचा वाटेल असं औषध ज्युलियाचं, टोचणारा हात बार्नबसचा. त्या रात्रीनंतर तिला परत जायला वाटच राहत नाही. तिने बार्नबसला सोडलं तर ती एका खुनाशी एकटी उरेल.

म्हणजे ज्युलिया पकडायला आली, गुपित कळलं, थोडं थांबून बघू म्हणाली, आणि अडकली. ताई, तुम्हीही हेच केलंत. ती पडद्यावरची प्रेक्षक आहे, म्हणूनच बहुधा ती तुम्हाला इतकी अस्वस्थ करते. ग्रेसन हॉलला सुरुवातीला थोड्याच आठवड्यांसाठी बोलावलं होतं. तिला त्याआधी ऑस्करचं नामांकन मिळालेलं होतं, आणि पुढे तिचा नवरा सॅम हॉल याच मालिकेच्या लेखकांत आला. बायको घरी तालीम करताना कुठल्या वाक्याला अडते हे लेखकाला रात्रीच कळत असेल, तर ते पात्र खोल जाणारच.

एलिझाबेथबाईंचं थोडक्यात सांगतो, कारण यात न पटण्यासारखं काय आहे हेच मला कळलेलं नाही. नवऱ्याला आपल्या हातून मार बसला, तो मेला, त्याच्या मित्राने, जेसन मॅग्वायरने, त्याला तळघरात पुरला, असं ती धरून चालली आहे. पोलीस दारात येण्यापेक्षा, आपण बाहेर गेल्यावर कुणीतरी तळघराची खोली उघडेल ही तिची भीती आहे. म्हणून ती राखण करत बसते. शेवटी जेसनच्या ब्लॅकमेलला कंटाळून, त्याच्याशी लग्न लागता लागता ती सगळं बोलून टाकते, आणि खोदून बघतात तर पेटी रिकामी. नवरा मेलेलाच नव्हता. अठरा वर्षं ती रिकाम्या पेटीवर बसून होती. जुन्या नाशकातल्या वाड्यांत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना कुलूप लावलेली एखादी खोली आणि तिच्याबद्दल न विचारायचा दंडक माहीत असतो. आत बहुतेक वेळा मोडके पाट आणि गंजलेले पत्र्याचे डबे निघतात. पण माजघरातली म्हातारी किल्ली कमरेची सोडत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांवर आपल्याकडे माणसं अठराहून जास्त वर्षं बसलेली आहेत.

मागून भरलेल्या कारणांवर तुमचा आक्षेप दिसतो. ‘आधी ठरलं नव्हतं म्हणजे फसवणूकच ना?’ असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. काही वेळा मागून भरलेलं कारण पुढून ठरवलेल्यापेक्षा सरस निघतं, कारण लेखकाला जे आधी बोलून बसलो त्याच्या चौकटीत राहावं लागतं. दोन नमुने देतो. सुरुवातीच्या भागांत जोसेट ही जेरेमाया कॉलिन्सची बायको होती असं सांगून झालं होतं. तेव्हा बार्नबस कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पुढे बार्नबसला तिचा ध्यास लावला. मग ती जेरेमायाची बायको कशी? हे निस्तरण्यासाठी १७९५ मध्ये बार्नबसची वाग्दत्त वधू त्याच्याच काकाबरोबर पळून जाते असं दाखवलं, आणि पुतण्याने काकाला द्वंद्वयुद्धात मारलं. एका जुन्या ओळीची दुरुस्ती करता करता अख्खी शोकांतिका हाती लागली.

दुसरा नमुना मला जास्त आवडतो. १९६७ मध्ये बार्नबस ‘मी इंग्लंडचा’ म्हणतो, कारण घरात सगळ्यांना एवढंच माहीत असतं की तो जुना बार्नबस इंग्लंडला निघून गेला होता. तेव्हा ही नुसती सोय होती. १७९५ मध्ये तिला कारण मिळालं. बाप जोशुआ, घराण्याच्या नावाला जपणारा, कडक, मुलाचा मृत्यू लपवायला म्हणून लोकांना सांगतो, ‘तो इंग्लंडला गेला.’ पुढे मुलगा काय होऊन बसलाय ते कळतं. बार्नबस स्वतः बापाला म्हणतो, मला संपवा. चांदीच्या गोळ्या आहेत, पिस्तूल आहे, आणि जोशुआचा हात उठत नाही. तो पेटीला साखळदंड घालून घेतो. म्हणजे बापाने दडवण्यासाठी मारलेली थाप, हेच पुढे पोराचं ओळखपत्र झालं. ‘रात्रीस खेळ चाले’च्या लेखकांनीही उलटाच रस्ता धरला होता. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक मेलेले, घर त्यांच्या मागे राहिलेल्या देण्याघेण्यात गुरफटलेलं. आणि २०१९ ला मागे जाऊन जिवंत अण्णा उभे केले. मेलेल्याची दहशत आधी, माणूस नंतर. फरक एवढाच, की आपल्याकडे वाड्यातली भीती वाटण्यांभोवती आणि जमिनीभोवती फिरते, तिकडे घराण्याच्या नावाभोवती.

मागून भरताना लबाडी होते ती मात्र अँजेलिकच्या बाबतीत. तुम्ही तिला ‘निव्वळ दुष्ट’ म्हणून सोडून दिलंय, मी सोडणार नाही. मार्टिनिक बेटावर बार्नबसने तिच्याशी संबंध ठेवले. ती जोसेटची दासी. लग्नाची वेळ आली तेव्हा मालकीण निवडली आणि दासीने समजून घ्यावं अशी अपेक्षा केली. इथपर्यंत त्या कथेत सगळ्यात खणखणीत कारण तिचंच आहे. शेवंतावर तोंडसुख घेणाऱ्या माझ्या मावशीलाही कुठेतरी ठाऊक होतं, की अण्णांना कुणी असं बोलत नाही. पण मग लेखक चेटकाचा आसरा घेतात. जोसेट आणि जेरेमाया एकमेकांकडे ओढले जातात ते अँजेलिकच्या मंत्राने. चेटूक हा हेतूंचा सगळ्यात आळशी पर्याय आहे. जोसेटचं मन स्वतःहून थोडं जरी डळमळलं असतं, तरी तिला उत्तर द्यावं लागलं असतं, जेरेमायाला द्यावं लागलं असतं, बार्नबसला आरशात बघावं लागलं असतं. निदान आरशात दिसत होता तोवर तरी. त्यापेक्षा सगळं पाप एका दासीच्या पदरात टाकून बाकीचे कोरडे राहिले. पुढे १८९७ च्या कथेत त्यांनी हे सुधारलं असं मला वाटतं. त्याच घराण्यातला क्वेंटिन बायकोचा, जेनीचा, खून करतो. तिची बहीण मॅग्डा शाप देते की तो आणि त्याच्या वंशातले पुरुष लांडगे होतील. आणि मग तिला कळतं की जेनीला जुळी मुलं झाली होती, म्हणजे तिने शाप आपल्याच भाचरांना दिलाय. इथे जादू आहे, पण कुणी जादूच्या आड लपत नाही. ही मॅग्डाही ग्रेसन हॉलनेच केली आहे.

भुतांच्या हेतूंबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, की लहानगी सेरा नेमकी कशासाठी येते. आपण नाशिकची माणसं, आपल्याला हे शिकवायची गरज पडू नये. रामकुंडावर दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेना झाला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच. गेलेल्याच्या मनात काय राहिलं, याचा सगळे मिळून अंदाज बांधू लागतात. एका दशक्रियेत मी उभा होतो. थोरला म्हणाला, ‘अण्णा, घराचं काम पुरं करतो.’ कावळा कठड्यावर ढिम्म. धाकटा म्हणाला, ‘आईला माझ्याकडे नेतो.’ काही नाही. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘बहिणीच्या वाट्याचं बोला रे.’ दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला पुटपुटला, ‘देतो.’ कावळा आला की नाही हा भाग सोडा. त्या पाहण्यात अख्ख्या घराचा इतिहास होता. पटकथा शिकणाऱ्याने एकदा तरी तिथे जाऊन कान उघडे ठेवावेत, असं मी सांगतो.

सेरा ही बार्नबसची धाकटी बहीण, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लहानपणीच गेलेली. ती मॅगीला कोड्यातून सुटकेची वाट दाखवते, व्हिक्टोरिया ज्याला शिकवते त्या डेव्हिडशी खेळते, बासरी वाजवते. सगळ्यांना दिसते, फक्त भावाला नाही, आणि तो तिच्यासाठी तडफडतो. १७९५ च्या कथेच्या अगदी तोंडावर, तो ज्युलियाचा जीव घ्यायला निघालेला असताना, ती शेवटी त्याच्यासमोर उभी राहते आणि बजावते, की तू चांगलं वागायला शिकेपर्यंत मी तुझ्याकडे येणार नाही. घाटावर जिवंत माणसं मेलेल्याला वचन देतात; इथे मेलेली पोर जिवंत नसलेल्या, मेलेल्याही नसलेल्या भावाकडे वचन मागते. मला विचाराल तर बार्नबस नायक होतो तो शाप कळल्यावर नाही, या ठिकाणी. पहिल्यांदाच त्याला अशी गोष्ट हवी असते जी कुणाला कोंडून मिळणार नाही.

तुम्ही वुडर्डच्या प्रकरणापाशी थांबल्या आहात, तर पुढचे वीसेक भाग नेटाने बघा. थोडे रेंगाळतात, ज्युलियाला छळण्याचा ट्रॅक लांबवलाय, पण सेराचा हा सीन त्यातच आहे आणि लगेच १७९५ लागतं. जोशुआच्या शेवटच्या भागांना मुलीला शेजारी बसवा, तिथे तुमचं भांडण वेगळं वळण घेईल. तिला व्हिक्टोरिया सगळ्यात आवडते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक पूर्वसूचना. पहिल्याच भागापासून ती आपले आईवडील कोण हे शोधते आहे, एलिझाबेथबाईंकडे बघून तुम्हाला संशय येईल अशा जागाही पेरल्या आहेत. पण १९६८ मध्ये ती भूमिका करणारी अलेक्झांड्रा मोल्टके बाळंतपणासाठी मालिका सोडून गेली आणि त्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर कधीच दिलं गेलं नाही. तेवढं तिच्या कानावर घालून ठेवा, नाहीतर हजार भाग वाट बघत बसेल आणि शिव्या मला घालेल.